रामापिथेकस, आमचं भाषण आणि एका मुलीचा प्रश्न

यंदाच्या भीमजयंतीला आमच्याकडून भर सभेत एक चूक झाली. ती झाकून ठेवा, कशाला वाढवता, असं काही सहकाऱ्यांनी सुचवलं. पण ज्या चळवळीने आम्हाला चिकित्सा करायला शिकवलं, तिच्यात फक्त दुसऱ्यांच्या चुकांची चिकित्सा करायची आणि आपल्या चुकांवर पांघरूण घालायचं, हे आम्हाला पटत नाही. म्हणून हा लेख.

आमच्या वस्तीतल्या विहारात व्याख्यान होतं. बोलण्याच्या ओघात आम्ही माणसाच्या उत्पत्तीवर आलो. पुरुषसूक्त सांगतं, ब्राह्मण मुखातून, क्षत्रिय बाहूंतून, वैश्य मांड्यांतून आणि शूद्र पायांतून जन्मले. आम्ही म्हणालो, "ही भाकडकथा झाली. विज्ञान काय सांगतं ते ऐका. माणसाचा आद्य पूर्वज म्हणजे रामापिथेकस. त्याचं हाड कुठे सापडलं? शिवालिकच्या डोंगरात. याच मातीत! म्हणजे आपण इथले दीड कोटी वर्षांपासूनचे, आणि ते परवा आलेले!" टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या पोरांनी घोषणा दिल्या. आम्हालाही बरं वाटलं.

तेवढ्यात मागे बायकांमध्ये बसलेली एक मुलगी उठली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी, वस्तीतलीच. म्हणाली, "दादा, रामापिथेकसला आता माणसाचा पूर्वज मानत नाहीत. तो ओरांगउटानच्या घराण्यातला आहे. आम्हाला प्राणिशास्त्रात शिकवलंय."

सभा शांत झाली. एका कार्यकर्त्याने तिला "ताई, प्रश्न शेवटी" असं सांगितलं. आणि आम्ही? आम्ही हसून म्हणालो, "बाळा, विज्ञान रोज बदलतं, आपला इतिहास बदलत नाही." पुन्हा टाळ्या. मुलगी खाली बसली.

रात्री घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. विज्ञान बदलतं, आमचं बदलत नाही. हे वाक्य आम्ही आयुष्यभर कोणाच्या तोंडून ऐकलं? 'आमचे ग्रंथ सनातन आहेत, अपौरुषेय आहेत, त्यात बदल नाही' असं सांगणाऱ्यांच्याच तोंडून ना? आणि आज तेच वाक्य आम्ही बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमेसमोर उभे राहून, एका शिकणाऱ्या मुलीला गप्प बसवण्यासाठी वापरलं.

मग आम्ही वाचायला बसलो. आमची माहिती कुठली होती? वीस वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेसाठी कुणाच्या तरी वहीतून उतरवून घेतलेल्या नोट्स. त्या वहीवाल्याने आणखी कुणाच्या तरी वहीतून उतरवलेल्या. विहाराच्या अभ्यासिकेतल्या सामान्यज्ञानाच्या जुन्या पुस्तकातही तेच एका ओळीचं उत्तर होतं. म्हणजे ज्याला आम्ही विज्ञान म्हणत होतो, तेही आमच्याकडे श्रुती-स्मृतीसारखंच आलं होतं. ऐकलं आणि पाठ केलं.

आता खरी गोष्ट ऐका, कारण ती आमच्या त्या एका ओळीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

हिमालयाच्या पायथ्याला शिवालिकच्या रांगा आहेत. लाखो वर्षं नद्यांनी आणलेल्या गाळाचे थर तिथे साचले आणि त्या थरांत प्राण्यांची हाडं दगड होऊन राहिली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या गाय पिलग्रिम यांनी १९१० मध्ये तिथल्या एका जीवाश्म वानराला शिवापिथेकस असं नाव दिलं. पिथेकस म्हणजे वानर. १९३२ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठाचा जी. एडवर्ड लुईस हा तरुण संशोधक आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगर भागात काम करत होता. तिथे वरच्या जबड्याचा एक तुकडा आणि त्यात काही दात मिळाले. १९३४ मध्ये त्याने या जीवाला रामापिथेकस नाव दिलं. त्याच काळात त्याने आणखी जीवाश्मांना ब्रामापिथेकस आणि सुग्रीवपिथेकस अशीही नावं दिली. परदेशी संशोधकांनी इथल्या देवादिकांची नावं उचलली, एवढाच याचा अर्थ. पण 'बघा, विज्ञानालाही पहिला माणूस म्हणून रामच मान्य करावा लागला' असे फॉरवर्ड आम्ही स्वतः वाचले आहेत. तेव्हा हसलो होतो. आता कळतं की त्याच नावाच्या दुसऱ्या टोकाला आम्ही लोंबकळत होतो.

लुईसचं म्हणणं सुरुवातीला फारसं कोणी मानलं नाही. पण १९६१ मध्ये एल्विन सायमन्स यांनी आणि पुढे त्यांच्याबरोबर डेव्हिड पिलबीम यांनी ते पुन्हा वर आणलं. रामापिथेकसचे सुळे लहान असावेत, दाढांवरचं कवच जाड होतं, आणि दातांची कमान माणसासारखी गोलाकार वाटत होती. म्हणून सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा हा जीव माणसाच्या वंशाचा पहिला प्रतिनिधी, असं मत तयार झालं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते गेलं. आमच्या वहीपर्यंत आलं ते हेच.

पण यात एक गोम होती. जबड्याचा मधला भाग सापडलाच नव्हता. मिळालेल्या तुकड्यांवरून बाकीची कमान अंदाजाने जुळवलेली होती. माणसाचा पूर्वज शोधणाऱ्या डोळ्यांना ती कमान माणसासारखी दिसली.

पहिला धक्का बसला तो हाडांतून नाही, रक्तातून. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी माणूस, चिंपांझी, गोरिला आणि इतर वानरांच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना केली. दोन जातींची ताटातूट होऊन जितका जास्त काळ लोटलेला, तितका त्यांच्या प्रथिनांत फरक जास्त. त्या फरकावरून त्यांनी हिशोब मांडला की माणूस आणि आफ्रिकेतले वानर एकमेकांपासून वेगळे झाले ते सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी. आता वाटा जर ५० लाख वर्षांपूर्वी फुटल्या असतील, तर १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा जीव फक्त माणसाच्याच वाटेवर कसा असेल? हाडं अभ्यासणाऱ्या बहुतेकांनी तेव्हा हा हिशोब उडवून लावला.

मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिलबीम यांच्या मोहिमा सुरू झाल्या. १९७० च्या दशकात तिथे जास्त पूर्ण जबडा मिळाला. त्याची कमान माणसासारखी गोल नव्हती, वानरासारखी होती. पुढे त्याच पठारावर शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा बराचसा भाग मिळाला. त्याचं वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन डोळ्यांमधलं कमी अंतर, उभट खोबण्या, आत दबलेला चेहरा. हे सगळं ओरांगउटानशी जुळत होतं. आज रामापिथेकस हे नाव वेगळं वापरत नाहीत. ते जीवाश्म शिवापिथेकसमध्येच धरले जातात, आणि लहान सुळ्यांचे ते लहान जबडे बहुधा माद्यांचे असावेत असं मानलं जातं. म्हणजे ज्याला रामाचं नाव देऊन माणसाचा मूळपुरुष ठरवलं, ती बहुधा एक वानरी होती, आणि तिचे जवळचे नातलग आज बोर्निओ आणि सुमात्राच्या जंगलांत राहतात.

मित्रांनो, या सगळ्यात आम्हाला सर्वांत जास्त कशाने हलवलं असेल तर पिलबीम यांनी. ज्या माणसाने रामापिथेकसला पूर्वज म्हणून उभं करण्यात वाटा उचलला, त्यानेच पुढे जाऊन नवीन हाडं शोधली, आणि ती हाडं आपल्या विरोधात गेली तेव्हा आपण चुकलो असं जाहीरपणे लिहिलं. नाव गेलं नाही, प्रतिष्ठा गेली नाही. आम्ही मात्र एका मुलीच्या एका वाक्याने हादरलो आणि टाळ्यांच्या आडोशाला गेलो.

हाडांत स्वतःचा मोठेपणा शोधायला गेलं की काय होतं, याचं उदाहरण इंग्रजांच्या घरातही आहे. १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये पिल्टडाउन इथे एक कवटी आणि जबडा 'सापडला'. मेंदू माणसाएवढा, जबडा वानराचा. पहिला माणूस इंग्लंडचा निघाला म्हणून तिथले मोठमोठे विद्वान खूश झाले. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाँग इथे एका लहान मुलाची कवटी मिळाली. रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये ती माणसाच्या वंशाच्या अगदी जवळची असल्याचं मांडलं, तेव्हा मात्र तिला कित्येक वर्षं बाजूला ठेवलं गेलं. १९५३ मध्ये उघड झालं की पिल्टडाउन ही शुद्ध लबाडी होती. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून दात कानशीने घासले होते. खरी निघाली ती आफ्रिकेतली टाँगची कवटी.

आज पुरावा काय सांगतो? माणसाच्या वंशाचे सर्वांत जुने जीवाश्म आफ्रिकेतच मिळतात. २००१ मध्ये चाडमध्ये मिळालेली कवटी सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची आहे. १९७४ मध्ये इथिओपियात मिळालेली 'ल्युसी' सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची आणि ती दोन पायांवर चालत होती. आपल्या स्वतःच्या जातीचे, म्हणजे होमो सेपियन्सचे, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष मोरोक्कोत मिळाले आहेत. भारतातही १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोरा इथे अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. पण आज जगभर जी माणसं आहेत, त्यांची मुळं शोधत गेलं की आफ्रिकेतच पोहोचावं लागतं. या अर्थाने भारतात कोणीच मूळचं नाही. सगळेच चालत आलेले.

आता काही जण म्हणतील, दादा, हे बोलून तुम्ही समोरच्यांच्या हातात कोलीत देताय. त्यांना आमचं उत्तर आहे.

समोरचे लोक उत्क्रांतीला का घाबरतात ते आधी पाहा. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून याला विरोध केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. तो बारावीच्या जीवशास्त्रात आहे, पण बारावीला विज्ञान घेणारी मुलं किती? दहावीनंतर आयटीआयला जाणाऱ्या, कामाला लागणाऱ्या आपल्या पोरांना तो कधीच भेटणार नाही. ही साधी गोष्ट नाही. कारण माणूस एकाच झाडाच्या फांदीवर वाढलेला असेल, तर मुखातून जन्मलेले आणि पायांतून जन्मलेले असा भेद उभाच राहत नाही.

हा विचार आपल्याकडे डार्विनची वाट पाहत थांबलेला नव्हता. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात बुद्ध सांगतात की गवत, झाडं, किडे, पक्षी, मासे यांच्यात जातीजातीच्या शरीरखुणा वेगळ्या असतात, पण माणसामाणसांत तशी वेगळी खूण नाही. अग्गञ्ञ सुत्तात ते दाखवतात की ब्राह्मणांच्या बायकाही इतर बायकांसारख्याच गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना अंगावर पाजतात, मग मुखातून जन्मल्याचा दावा कसला? डार्विनचं माणसाच्या उत्पत्तीवरचं पुस्तक १८७१ चं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतिबांनी 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या त्या चार जन्मस्थानांची अशीच उलटतपासणी केली. म्हणजे उत्क्रांती आपल्यासाठी परकी नाही, शेजारच्याच घरातली आहे.

पण मग आपण काय केलं? मुखातून-पायांतून जन्माची कथा मोडायची म्हणून रक्ताची दुसरी कथा उभी केली. 'आमचा डीएनए वेगळा, त्यांचा वेगळा' हे आज आपल्या किती सभांत ऐकू येतं! आम्हीही ते बोललो आहोत. पण बाबासाहेबांनी याबाबतीत काय केलं? ब्रिटिश अधिकारी रिस्ले याने नाकांची मापं घेऊन जाती म्हणजे वंश असं ठरवायचा घाट घातला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तीच नाकांची मापं हातात घेतली आणि उलट दाखवून दिलं की अस्पृश्य आणि ब्राह्मण वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड. अस्पृश्यतेचं मूळ वंशात नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, पंचविशीतल्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. भारतातली माणसं वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली, मिसळलेली आहेत, आणि जात ही त्या मिसळलेल्या समाजाला नंतर पाडलेली कुंपणं आहेत, असं त्यांनी मांडलं. कुंपण कशाचं? आपल्यातच लग्न करण्याच्या सक्तीचं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्या कुंपणाची काटेरी तार.

२०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी भारतातल्या अनेक समूहांचे डीएनए तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केला. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या समूहांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि त्यानंतर ती थांबून आपापल्यातच लग्नं होऊ लागली. आधी मिसळण, मग कुंपण! त्याच्या सत्त्याण्णव वर्षं आधी बाबासाहेबांनी समाजशास्त्राने जे मांडलं, त्याच्याशी हे जुळतं.

इथे आम्ही लपवाछपवी करणार नाही. डीएनए हेही सांगतो की मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून माणसं इथे आली, आणि त्यांचा अंश सगळ्या समूहांत सारखा नाही, काहींत जास्त, काहींत कमी. बाबासाहेबांनी आर्य आक्रमणाचा सिद्धांत नाकारला होता, आणि त्यांच्यासमोर हा डीएनएचा पुरावा नव्हता. म्हणून स्थलांतराचा प्रश्न आज नव्या पुराव्यावर तपासावा लागेल. पण निव्वळ शुद्ध रक्ताचा समूह कुठे सापडत नाही, आणि जात म्हणजे वंश नव्हे, हा त्यांचा मुद्दा पक्का उभा आहे. आदिवासींचा जल-जंगल-जमिनीवरचा हक्कही दीड कोटी वर्षांच्या जबड्यावर अवलंबून नाही. पिढ्यानपिढ्या राखलेल्या आणि नंतर हिसकावलेल्या जमिनीचा तो हक्क आहे.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा विहारात गेलो. ज्या जागेवरून चुकीचं बोललो होतो, तिथूनच चूक सांगितली आणि त्या मुलीची माफी मागितली. मग तिलाच फळ्याजवळ बोलावलं. तिने एक झाड काढलं. एका फांदीवर ओरांगउटान, पुढे गोरिला, मग चिंपांझी आणि त्याच्या शेजारच्या फांदीवर माणूस. एका पोराने नेहमीचा प्रश्न विचारला, माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून का आहेत? ती म्हणाली, "आजच्या माकडापासून माणूस झालेलाच नाही. तुझे चुलते गावाकडे राहतात ना? तू शहरात आलास म्हणून ते संपले का? तुमचा आजोबा एक, एवढंच."

मागे बसलेल्या एका आजीने विचारलं, "म्हंजे बामणाचा आन् आपला आजा येकच?"

"हो आजी. आणि त्या माकडाचाही."

सगळे हसले. आजी हसली नाही. म्हणाली, "मंग इतकी वरसं आमाला पाणी वरून का वतत व्हते?"

मुलगी आमच्याकडे पाहू लागली. आम्ही फळ्याकडे पाहत राहिलो. त्या झाडावर आजीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, शिवालिकच्या दगडांतही नाही आणि डीएनएतही नाही. माणूस एक आहे एवढं हाडं सांगतात. तरीही माणसाला माणसाने वेगळं का केलं, कोणाच्या फायद्यासाठी केलं आणि ते मोडायचं कसं, याचं उत्तर १९१६ च्या त्या निबंधात आहे, १९२७ च्या महाडच्या तळ्यावर आहे, संविधानाच्या कलम १७ मध्ये आहे. समजा उद्या एखादं हाड वेगळंच काही सांगू लागलं, तरी आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतणं न्याय्य ठरणार नाही. आपली समतेची मागणी कोणत्याही जबड्यावर उभी नाही.

म्हणून युवकांना आमची दोनच मागणी आहे. संविधानाच्या कलम ५१-अ ने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आहे. शाळेच्या पुस्तकातून गेलेला धडा आपल्या विहारांत, अभ्यासिकांत शिकवा. फळा आणि खडू पुरतो, आणि शिकवायला वस्तीतली विज्ञान शिकणारी मुलं-मुली आहेत. आणि दुसरी मागणी, व्यासपीठावरून कोणी चुकीचं बोलत असेल, मग ते आम्ही का असेना, तर उठून उभे राहा. त्या मुलीला आम्ही खाली बसवलं. तुम्हाला कोणी बसवलं तर बसू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!